गल्लीतल्या दुकानाचे माप

परभणी

चि. कन्येस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. वडिलांना आता गल्ल्यावर फार वेळ बसवत नाही, बाह्यवळण रस्त्यावर मोठे वातानुकूलित दुकान उघडले आहे, तुझी वाणिज्य शाखेची पदवी पूर्ण झाली आहे आणि पुण्यातल्या नोकरीचे बोलणे चालू आहे. अशा वेळी सेलूच्या गल्लीतले ते लहानसे किराणा दुकान पुढे चालवावे की शटर ओढून जागा भाड्याने द्यावी, असे तू विचारले आहेस. पत्राच्या शेवटी तू सहज लिहिलेली ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटली. एवढे सगळे तिकडे स्वस्त मिळत असताना लोक अजून आमच्याकडे का येतात तेच मला नीट कळत नाही, असे तू म्हणतेस. निर्णय तुझा आहे आणि तो मी तुझ्यावर लादणार नाही. मात्र मोंढ्यावर, म्हणजे इथल्या घाऊक धान्यबाजारात, किराणा-भुसाराची गादी चालवताना जिल्ह्यातल्या लहान दुकानदारांशी माझा आयुष्यभर व्यवहार झाला, कोणते दुकान टिकले आणि कोणते बुडाले हे मी जवळून पाहिले. म्हणून त्या एका ओळीचे उत्तर मी विस्ताराने देणार आहे. ते समजल्याखेरीज तू दुकान चालवलेस काय किंवा बंद केलेस काय, दोन्ही अंधारातच होईल.

बहुतेक लोक या प्रश्नाचे उत्तर 'ओळख' आणि 'आपुलकी' या दोन शब्दांत देऊन मोकळे होतात. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. गोड बोलणारे आणि गल्लीतल्या प्रत्येकाला नावाने हाक मारणारे कितीतरी दुकानदार माझ्या डोळ्यांदेखत दुकान मोडून गेले. माझ्या मते लहान दुकानाची ओढ त्याहून ठोस गोष्टीत आहे. घरात पैसा ज्या दिवशी आणि जेवढा येतो, त्या दिवसाला आणि तेवढ्या पैशाला जुळणारे माप हे दुकान देते. मोठ्या दुकानाचे माप आधीच ठरलेले असते: साखर घ्यायची तर 5 किलोची पिशवी परवडते, तेल घ्यायचे तर मोठा डबा परवडतो, आणि पैसे तिथल्या तिथे मोजावे लागतात. ज्याच्या खात्यात महिन्याच्या सुरुवातीला ठरलेला पगार जमा होतो त्याला ते सोयीचे आहे. तुझ्या गल्लीत अशी घरे किती आहेत, हे एकदा वही घेऊन लिहून काढ.

मी तुमच्याकडे अनेकदा आलो आहे, म्हणून अंदाजाने सांगतो. काही घरे शिक्षकांची आणि कचेरीत नोकरी करणाऱ्यांची आहेत. ती महिन्याची यादी देतात आणि महिन्याने पैसे देतात. त्यांच्याखेरीज कापसाच्या हंगामात जिनिंगमध्ये कामाला जाणारी माणसे आहेत, बाजाराच्या दिवशी हप्ता मिळणारे गवंडी आणि त्यांच्या हाताखालचे मजूर आहेत, पेठेत राहून जवळच्या गावी कोरडवाहू शेत करणारी कुटुंबे आहेत, आणि दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जाणारी जोडपीही आहेत. निराधार योजनेच्या पैशावर जगणाऱ्या एकट्या म्हाताऱ्या बायका आहेत, ज्यांचे पैसे एखाद्या महिन्यात येतात आणि एखाद्या महिन्यात अडकून पडतात. यांतल्या एकाही घराचा पैसा दुसऱ्या घरासारखा येत नाही. हप्ता मिळालेला मजूर त्या संध्याकाळी आठवड्याचा बाजार भरतो. त्याच मजुराची बायको मंगळवारी अदपाव साखर आणि 5 रुपयांच्या चहापत्तीची पुडी नेते. हे दोन्ही व्यवहार सारख्याच मानाने ज्या फळीवर होतात ते तुझ्या वडिलांचे दुकान आहे.

हे माप आजचे नाही. 1972 च्या दुष्काळात मी माझ्या वडिलांच्या दुकानात पुड्या बांधायला बसत असे. मेट्रिक वजने 1958 पासून लागू होऊ लागली होती, कागदावर सगळे ग्रॅम-किलो होते, पण लोकांच्या तोंडी छटाक, शेर आणि पायलीच होती. रोजगाराच्या कामावर खडी फोडून आलेली माणसे परदेशातून आलेली लाल ज्वारी, म्हणजे मिलो, शिजवून खात होती आणि आमच्याकडून फक्त मीठ, मिरची आणि चिमूटभर हळद नेत होती. एवढ्याशा पुडीला लागणारा कागद आणि दोरा यांतच नफा संपून जातो, असे दुकानातला मुनीम म्हणत असे. तरी वडिलांनी ती पुडी कधी नाकारली नाही. नंतरच्या काळात मोठमोठ्या कंपन्यांनी 1 रुपयाची शाम्पूची पुडी आणि 5 रुपयांचा बिस्किटपुडा बाजारात आणला तो याच गिऱ्हाइकाला डोळ्यांसमोर ठेवून. माल महाग झाला की त्या पुड्याची किंमत तीच राहते आणि आतले वजन घटते, हे तुलाही दिसत असेल. म्हणून पुडी देताना तिच्यावरचे वजन वाचण्याची सवय ठेव आणि कोणी विचारले तर खरे ते सांग.

आता उधारीविषयी. तू लिहिले आहेस की उधारी पूर्ण बंद करून सगळा व्यवहार रोखीने करावा, असा तुझा विचार आहे. वाणिज्य शिकलेल्या मुलीने असे म्हणणे स्वाभाविक आहे, आणि उधारीत बुडालेली दुकाने मी पाहिली आहेत, त्यामुळे तुझी भीती मला कळते. परंतु आपल्या भागातली उधारी हा दुकानदाराच्या भिडस्तपणाचा परिणाम नाही, ती शेतीच्या वेळापत्रकातून आलेली आहे. जूनमध्ये पाऊस पडला की घरातला होता नव्हता तो पैसा सोयाबीनच्या बियाण्यात, कापसाच्या बियाण्यात आणि खतात जातो. सोयाबीन हाती यायला दसरा उजाडतो, कापसाची पहिली वेचणी दिवाळीच्या आसपास होते, तूर संक्रांतीच्या सुमारास येते. मधले आषाढ, श्रावण आणि भाद्रपद हे महिने हात सर्वांत आखडलेले असतात, आणि नेमके त्याच काळात पंचमी येते, पोळा येतो, महालक्ष्म्या येतात. महालक्ष्म्यांना पुरणपोळी चुकवता येत नाही. हरभऱ्याची डाळ, गूळ, वेलदोडे आणि तेल त्या दिवशी घरात यावेच लागते. सणाच्या आदल्या दिवशी एखादी बाई दुकानासमोर उभी राहून गर्दी ओसरण्याची वाट पाहते, तेव्हा तिला काय बोलायचे आहे हे तिने बोलण्याआधी कळले पाहिजे आणि तिला ते चारचौघांत बोलावे लागू नये. हे काम मोठ्या दुकानातला पगारी माणूस करू शकत नाही. त्याला तो अधिकारच नसतो.

म्हणून उधारी बंद करू नकोस, तिला शिस्त लाव. प्रत्येक घराची मर्यादा त्या घराच्या मिळकतीवरून ठरव आणि ती मर्यादा घरातल्या बाईला स्वच्छ शब्दांत आधी सांग, म्हणजे ऐन वेळी नकार देण्याची पाळी येणार नाही. वसुलीची तारीख तुझ्या सोयीने न ठरवता त्यांच्या पैशाच्या तारखेने ठरव: मजुराची बाजाराच्या दिवशी, नोकरदाराची महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, शेतकऱ्याची सोयाबीन मोंढ्यावर आल्यावर. उसाला जाणाऱ्या कुटुंबांचा हिशेब उचल मिळाल्यावर, ते गाव सोडण्याआधी मिटव, कारण एकदा टोळी कारखान्यावर गेली की ती पाडव्यापर्यंत परत येत नाही, कधी त्याहूनही उशीर होतो. जाताना ते सहा महिन्यांचे तिखट, मीठ, हळद आणि डाळ बांधून नेतात. तो माल त्यांना शक्य तितक्या कमी नफ्यावर दे. फडावर जवळपास दुसरे दुकान असतेच असे नाही, आणि असले तर भाव त्याच्या मनाचा असतो. ऑगस्ट 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे 1500 रुपये बायकांच्या खात्यात येऊ लागल्यापासून एक बदल माझ्या ओळखीच्या दुकानदारांनी आवर्जून सांगितला: पूर्वी खाते पुरुषाच्या नावाने असे आणि फेडही त्याच्या मर्जीने होई, आता पुष्कळ बायका स्वतः येऊन स्वतःच्या नावाचे पान उघडायला सांगतात. ते पान जरूर उघड. माझा अनुभव असा की बायकांच्या नावाची उधारी सहसा बुडत नाही.

वही मात्र दोन्हीकडे असू दे. तुझ्या वहीत जे लिहिशील तेच त्यांच्या हातातल्या लहान वहीत त्यांच्यासमोर लिही, वाचता येत नसेल तर वाचून दाखव. कायद्याने उधारीच्या दाव्याला 3 वर्षांची मुदत आहे, पण गल्लीतल्या किराणा उधारीसाठी कोर्टाची पायरी चढलेला दुकानदार माझ्या पाहण्यात नाही. तुझा खरा पुरावा त्या दुसऱ्या वहीत असेल. आणि दुष्काळाच्या वर्षी काय करायचे, हेही मनाशी आधी ठरवून ठेव. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या वर्षी मराठवाड्यातल्या बहुतेक लहान दुकानांची उधारी थकली. ज्यांनी त्या वर्षी जुन्या बाकीला हात न लावता फक्त नव्या मालापुरते रोख पैसे घेतले, त्यांची जुनी बाकी पुढच्या चांगल्या पावसानंतर हळूहळू आली. ज्यांनी दारात जाऊन तगादा लावला त्यांना थोडे पैसे मिळाले खरे, पण ती घरे कायमची दुसऱ्या दुकानाला गेली.

यापुढची गोष्ट मी फार गंभीरपणे सांगतो. गल्लीतल्या प्रत्येक घरात काय शिजते हे किराणा दुकानदाराला कळते. महिन्याला डबाभर तेल नेणारे घर एकाएकी अर्ध्या लिटरच्या पिशवीवर आले, तुरीची डाळ नेणारी बाई मसुरीवर आली, दुधाऐवजी कोरा चहा सुरू झाल्याने साखरेचे माप बदलले, तर त्या घरावर काही कोसळले आहे हे शेजाऱ्यांच्या आधी तुला समजेल. कोणाचा मुलगा बाहेरगावाहून परत आला, कोणाची लेक बाळंतपणाला आली आणि तिच्यासाठी डिंक, खारीक आणि अळीव जाऊ लागले, कोणाच्या घरी पुरुष वेगळा राहू लागला, हे सगळे यादीवरून वाचता येते. ही माहिती तुझ्या हाती विश्वासाने आलेली असते. ती दुकानाच्या पायरीवर बसणाऱ्या मंडळींच्या गप्पांत कधीही जाता कामा नये, तुझ्या घरातल्या जेवणाच्या वेळच्या बोलण्यातही नाही. तुझे वडील याबाबतीत किती काटेकोर आहेत हे तुला कदाचित ठाऊक नसेल, कारण ते घरी बोललेच नसतील. गल्लीतल्या एका घरावर आलेल्या संकटाचा उलगडा मला पुष्कळ वर्षांनी दुसरीकडून झाला. तेव्हा ध्यानात आले की त्या संपूर्ण काळात तुझे वडील त्या घरी बिनबोभाट माल पोहोचवत होते आणि मोंढ्यावर खरेदीला येऊन माझ्यासमोर अनेकदा बसूनही त्यांनी अवाक्षर काढले नव्हते. लोक का येतात, असे तू विचारतेस, तेव्हा मला प्रथम हेच आठवते. आपली अडचण इथून बाहेर जाणार नाही, ही खात्री असलेल्या जागी माणूस दोन रुपये जास्त देऊनही जातो.

याच माहितीचा चांगला उपयोगही करता येतो. तुरीच्या डाळीवरून खाली आलेल्या घराला लहान कणीची डाळ स्वस्तात मिळू शकते हे तू आपण होऊन, पण सहज बोलल्यासारखे सुचवू शकतेस. एकट्या राहणाऱ्या म्हातारीने दोन दिवस काही नेले नाही तर पोराला पाठवून दार वाजवून यायला सांगू शकतेस.

आता मालाविषयी. या बाबतीत तुला सर्वांत जास्त शिकावे लागेल, आणि मोठे दुकान तुझ्या जवळपासही येऊ शकणार नाही असे कामही हेच आहे. चैत्र-वैशाखात बायका वर्षाचा काळा मसाला करतात. तेव्हा त्या नुसत्या वस्तू घ्यायला येत नाहीत, प्रमाण विचारायला येतात. एवढ्या मिरचीला धणे किती, खोबरे किती, तीळ किती, दगडफूल, नागकेशर, बाद्यान, जायपत्री, शहाजिरे, मसाला वेलदोडा किती, हे तुझ्या वडिलांना तोंडपाठ आहे. शिवाय कोणत्या घरात तिखट जास्त लागते आणि कोणत्या घरात मसाला रंगाने काळाच हवा असतो, हेही त्यांना ठाऊक आहे. ते सगळे त्यांच्याकडून याच वर्षी उतरवून घे, घराघराच्या नावानिशी. मिरची धर्माबादकडची घ्यावी की रंगासाठी तिच्यात ब्याडगी मिसळावी, हळद वसमतची का घ्यावी, जिरे उंझ्याचे आणि साबुदाणा सेलमचा का मागवतात, हे प्रत्यक्ष माल हातात घेऊन शिकण्याचे विषय आहेत. दगडफूल चोळून वास घ्यावा, हळकुंड मोडून आतला रंग पाहावा, शेंगदाणा चावून खवटपणा तपासावा. पापडखार किती घालायचा हे विचारायला नवी सून तुझ्याकडे येईल, कारण सासूला विचारायचा तिला संकोच वाटेल. तिला धीराने सांग. पुढच्या पन्नास वर्षांचे ते गिऱ्हाईक आहे.

आपल्याच भागातल्या मालाकडे नव्या दुकानदारांचे फार दुर्लक्ष होते, याचे मला मनापासून वाईट वाटते. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली परभणी मोती ज्वारी, जालन्याकडची दगडी ज्वारी, लातूर जिल्ह्यातली बोरसुरीची तूरडाळ आणि पानचिंचोलीची चिंच, घाण्यावरचे करडईचे तेल, हे सगळे ठेवणारे दुकान गावात एखादेच सापडते. यांतल्या काहींना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली मुले सुटीत आली की परत जाताना हाच माल शोधतात, आणि तो त्यांना मोठ्या दुकानाच्या फळीवर दिसत नाही. थोडा थोडा आण, पोत्यावर गावाचे नाव लिहून ठेव, आणि भेसळ होणार नाही अशाच माणसाकडून घे. असा माल देणारी माणसे मी तुला दाखवीन.

सणांचे वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीलाच मांडून ठेव. त्यात आपल्याच घरचे सण धरून चालणार नाही. तुझ्या दुकानापासून चार पावलांवर मुसलमान मोहल्ला आहे. रमजानमध्ये खजूर आणि ईदच्या आधी शीरखुर्म्याच्या शेवया, चारोळी आणि सुका मेवा तुझ्याकडे असलाच पाहिजे. तो महिना दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे गेल्या वर्षीच्या तारखेवर विसंबून माल भरणारा दुकानदार फसतो. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला जशी भज्जी आणि आंबिलीच्या सामानाची धावपळ होते, तशी आपल्याकडे महालक्ष्म्यांच्या आधी होते. त्या आठवड्यात हरभऱ्याची डाळ संपली असे सांगण्याची वेळ येऊ देऊ नकोस. आणि अंत्यविधीला लागणारे सामान कायम दुकानात असू दे. त्यासाठी रात्री कोणत्याही वेळी कडी वाजली तरी उठावे, आणि त्याचे पैसे त्या दिवशी मागू नयेत. ते सामान घराच्या नेहमीच्या उधारीच्या पानावर लिहू नये, अशी आमच्या दुकानाची रीत होती. ती तूही पाळावीस असे मला वाटते.

पावसाळ्यात माल जपणे हे वेगळेच काम आहे. रव्याला जाळी धरते, कडधान्याला भुंगा लागतो, गूळ पाझरतो. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेव, भिंतीला टेकवू नकोस, जुना माल पुढे आणि नवा मागे लाव. मुदत संपलेला पुडा स्वस्तात देण्याचा मोह कधीही धरू नये.

तराजूविषयी थोडक्यात सांगतो. तुझ्याकडे आता इलेक्ट्रॉनिक काटा आहे. त्याची दरवर्षी वैधमापन विभागाकडून पडताळणी करून घे, शिक्का चुकवू नकोस, आणि आकडा गिऱ्हाइकाला दिसेल असाच काटा ठेव. जुन्या तागडीला पासंग असे आणि चांगला दुकानदार शेवटी चार दाणे जास्त टाकून झुकते माप देई. काट्यावरही ते करता येते. आकडा पूर्ण झाल्यावर चिमूटभर जास्त टाकलेले समोरच्याला दिसते. अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी आणि दुकानाची कागदपत्रे नेहमी नीट ठेवत जा. सुटे खाद्यतेल विकण्यास कायद्याने मनाई आहे. थोड्या तेलाची गरज तर खरी आहे, म्हणून लहान पाऊच भरपूर ठेव आणि त्यावर छापील किमतीपेक्षा एक पैसाही जास्त घेऊ नकोस. आपल्याकडे 'थंड करायचे' म्हणून बाटलीमागे वर पैसे घेण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला अजिबात मान्य नाही.

मुले एकटी येतात हा या दुकानाचा मोठा मान आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या मुठीत पैसे देऊन आई त्याला रस्ता ओलांडायला न लागणाऱ्या दुकानात पाठवते. त्या मुलाला मोठ्या माणसांच्या मागे उभे ठेवू नकोस. त्याला उरलेले पैसे मोजून दे आणि त्यालाही मोजायला लाव. सुट्या पैशांऐवजी गोळ्या हातावर ठेवू नकोस. गुटख्यावर आपल्या राज्यात 2012 पासून बंदी आहे आणि तरी तो कुठे मिळतो हे गावाला ठाऊक असते. तो विकणारे तुला सांगतील की एवढा नफा दुसऱ्या कशात नाही. त्यांचे म्हणणे खरे असेल, पण ज्या फळीवरून मूल दूध-बिस्किटे नेते त्या फळीवर ते विष असता कामा नये. याबाबत मी कोणाचेही कारण ऐकून घेत नाही.

बाह्यवळणावरच्या दुकानाशी 5 किलो साखरेच्या भावात स्पर्धा करू नकोस. त्यांची खरेदी कंपनीकडून थेट आणि गाडीभर असते, तुझी माझ्यासारख्या घाऊक दुकानदाराकडून दोन-चार पोत्यांची. तो फरक तू कधीच भरून काढू शकणार नाहीस. नोकरदार गिऱ्हाईक महिन्याचा मोठा बाजार तिकडून भरू लागले तर तोंड वाकडे करू नकोस. तेच गिऱ्हाईक 15 तारखेनंतर हिंग, जिरे आणि कोथिंबिरीच्या वडीला लागणाऱ्या बेसनासाठी तुझ्याकडे येईल, आणि तेव्हा त्याला अपराध्यासारखे वाटता कामा नये. बंद पुड्यांवरचा नफा ठरलेला आणि थोडका असतो. सुटा माल निवडून, पाखडून, स्वच्छ करून देण्यात तुझी मजुरी मिसळलेली असते आणि नफाही तिथेच असतो. तुझ्या दुकानाची जागा आणि भांडवल त्या मालाला दे. त्याचबरोबर भ्रमणध्वनीवर यादी घेणे, घरपोच देणे आणि क्यूआर कोडवर पैसे घेणे हे सगळे तू करावेस. एवढे मात्र सांभाळ: क्यूआर कोड बसवून देणाऱ्या कंपन्या काही महिन्यांनी तुझी रोजची जमा पाहून आपण होऊन कर्ज देऊ करतात आणि रोजच्या जमेतून हप्ता कापून घेतात. पावसाळ्यात जमा घटते आणि हप्ता तसाच राहतो. भांडवल कमी पडले तर आधी माझ्याशी बोल किंवा बँकेत जा.

तुझ्या प्रश्नातला एक भाग असा उरतो की मुलीने गल्ल्यावर बसावे का. गावात दोन-चार जण कुजबुज करतील. मला त्याची चिंता वाटत नाही, कारण दुकानाचे निम्म्याहून अधिक गिऱ्हाईक बायका आहेत आणि त्यांना पुरुष दुकानदाराकडे मागायला लाज वाटते अशा काही वस्तू असतात. त्या वस्तू त्या आजवर वर्तमानपत्रात गुंडाळून, नजर खाली घालून नेत आल्या आहेत. तू बसल्यावर त्या मोकळेपणाने मागतील. फक्त दुकानाची वेळ तुला नीट ठरवावी लागेल. पहाटे दुधापासून रात्री दहापर्यंत एकटीने बसणे शरीराला झेपत नाही, तुझ्या वडिलांचे गुडघे त्यानेच गेले आहेत. दुपारी दोन तास शटर अर्धे ओढ आणि तशी पाटी लाव. गिऱ्हाइकाला आठवडाभरात सवय होते.

पुण्याची नोकरी तू घेतलीस तरी मला वाईट वाटणार नाही. पण उत्तर देण्याआधी एक काम कर. येत्या दिवाळीपर्यंत वडिलांच्या शेजारी बस, गल्ला त्यांच्याकडेच असू दे, तू फक्त वही लिही. सोयाबीनचे पैसे यायला सुरुवात होईल तेव्हा कोण आपण होऊन येते, कोणाला आठवण द्यावी लागते आणि कोण वाट बदलते, हे त्या काळात दिसेल. लक्ष्मीपूजनाला नवी वही घालण्यापूर्वी जुनी घेऊन परभणीला ये. ज्या पानांवर बाकी थकली आहे ती आपण एकेक करून पाहू, आणि कोणते खाते पुढे न्यायचे व कोणते सोडून द्यायचे हे तुझे तू मला सांग. वडिलांनाही सोबत आण; सकाळच्या रेल्वेने निघालात तर जेवणाच्या वेळेपर्यंत घरी पोहोचाल, आणि काकू वाट पाहील.

तुझा शुभचिंतक,
मोंढ्यावरचा काका